ओ देणारी वेणी

१

मला वाटलं होतं, घर गप्प असेल.

इतकी वर्षं दूरच्या शहरात, वसतिगृहांच्या खोल्यांमध्ये काढताना मी घराचं एक चित्र मनात जपून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची जुनी जागा, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आत्या, आणि तिच्याशी बोलायला भिंतींखेरीज कुणी नाही. मी दार वाजवणार, ती माझा चेहरा हातांनी चाचपून बघणार, तिला रडू कोसळणार, आणि मग मी म्हणणार, "आत्या, आता मी कायमची आले." हे वाक्य मी प्रवासात इतक्या वेळा पुटपुटले की शेजारच्या बाईने विचारलं, "परीक्षा आहे का गं?"

प्रत्यक्षात मी जिना चढून वर आले तेव्हा आतून बोलण्याचा आवाज येत होता. आत्याच बोलत होती. रंगात येऊन, मधेच थांबून, पुन्हा धागा उचलून. समोर कुणी मन लावून ऐकत असलं की माणूस बोलतं, तसं. मी कडी वाजवली. बोलणं थांबलं.

"आहेस का?" आतून हाक आली.

ही आमच्या घरची जुनी सवय. आईवडील गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं, आणि तिची नजर तेव्हापासूनच अधू. मी कुठे आहे ते तिला दिसायचं नाही, म्हणून ती असेल तिथून हाक मारायची, आहेस का, आणि मी असेन तिथून ओ द्यायची, आहे. पुढे मी शिकायला गेले, तेव्हा दर रविवारी फोनवरही तेच चालू राहिलं. फक्त विचारणारी मी झाले. "आत्या, आहेस का?" "आहे." बाकीचं बोलणं मग.

"आहे!" मी बंद दाराबाहेरून ओरडले आणि मला हसू आलं.

दार उघडलं. आत्या लहान झाली होती, मला आठवत होती त्याहून लहान. "आलीस होय," ती म्हणाली. मी कोपऱ्यावरून मीठ आणायला गेले असावे असा सूर. "बॅग वाटेत ठेवू नकोस, मी धडपडेन. चहा टाकते."

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"बोलत होते आपली."

"आत्या, आता मी कायमची आले."

ती थांबली. मान थोडी तिरकी केली, माझ्या खोलीच्या दिशेने. मग म्हणाली, "बरं. पण खोलीत पसारा करू नकोस. तुझा पसारा म्हणजे चार माणसांचा."

तिने माझा चेहरा चाचपला नाही. मीच तिचे हात हातात घेतले. फार कोरडे होते ते. उन्हात राहिलेल्या कागदासारखे.

२

माझी खोली मी सोडली तशीच होती. आखूड पलंग, खिडकीत रंग उडालेली लाकडी चिमणी, आणि दारामागच्या खुंटीवर माझी वेणी.

शाळेच्या वसतिगृहात लांब केस चालत नसत, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आत्यानेच ती कापली होती. दोन्ही टोकांना लाल फीत बांधलेली, मुलीच्या मनगटाएवढी. मी हात लावला आणि बोटांना तेल लागलं. ताजं, बेताचं कोमट. तेव्हा मला भरून आलं, दुसरं काही नाही. आत्याने गोष्टच करून ठेवली होती माझी.

ती गोष्ट म्हणजे माझ्या शोधनिबंधाचा गाभा. जगभरच्या जुन्या परीकथांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. मुलीला कुणीतरी अडकवून ठेवलेलं असतं, राक्षसाने, चेटकिणीने, कधी सख्ख्या आईने. पळण्याआधी मुलगी मागे काहीतरी ठेवते. बाहुली, थुंकी, रक्ताचा थेंब. हाक आली की ती वस्तू मुलीच्या आवाजात ओ देते. आहे, भांडी घासतेय. आहे, आता निजतेच. वस्तू वाळेपर्यंत आवाज येत राहतो, आणि तेवढ्यात मुलगी लांब निघून गेलेली असते.

आजकाल या कथा नव्याने लिहिल्या जातात. हाती लागल्या तेवढ्या सगळ्या मी वाचल्या होत्या. त्या सगळ्या मुलीच्या मागोमाग जातात. मुलगी जंगल ओलांडते, शहर गाठते, नोकरी धरते, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावते. मागे राहिलेल्या घराकडे कुणी वळून बघत नाही. मलाही बघावंसं वाटलं नव्हतं. मी त्या मुलीच्या बाजूची होते. आपल्या भाषेतल्या अशा कथा गोळा करायच्या, इथल्याच कॉलेजात शिकवायचं, एकेका मुलीला सांगायचं की बाई, जंगल ओलांडता येतं. वसतिगृहातल्या मैत्रिणी मला 'चळवळ' म्हणायच्या. आता त्या चार दिशांना पांगल्या होत्या, आणि त्या नावानेही मला कुणी हाक मारत नव्हतं.

आत्याला अशी एक गोष्ट येत होती. ओ देणारी वेणी. मुलगी वेणी कापून खुंटीला टांगते आणि निघून जाते. सरपण घेऊन येणारी आई वाटेवरूनच हाक मारते. घरातून वेणी ओ देते. एवढीच मला आठवत होती. लहानपणी याच्यापुढे मला झोप लागायची.

रोज दुपारी मी स्टुलावर फोन ठेवून आत्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करू लागले. गोष्टीचे फाटे फार होते. आत्या एकेका झाडाशी थांबायची. सुरू करण्याआधी मी तिच्या हातांना तेल चोळायची. कितीही चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद. पण चोळलं की तिचा आवाज खुलायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"वंगण घातलं की यंत्र चालतं," मी म्हणायची.

"घाल बाई, घाल. गंजलेय मी. तुझ्या त्या पुस्तकांना नाही का वाळवी लागत?"

३

खाली तळमजल्यावर शिंपीणकाकूंचं दुकान. शिवणयंत्र, उसवलेल्या शर्टांचा ढीग, आणि तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या काकू. आत्याचं सामानसुमान त्याच पुरवायच्या. आत्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, काय हवं ते ओरडून सांगायची, काकू भरून द्यायच्या, टोपली वर जायची.

"आले परत," मी पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले.

"कुठून?"

"म्हणजे? शिकायला नव्हते का गेले?"

काकूंनी टाचण्या काढल्या. "अगं हो की. पण वर तुझा आवाज येतच असतो, त्यामुळे गेल्यासारखी वाटलीच नाहीस."

"तो फोन असायचा काकू. रविवारचा. आत्या स्पीकरवर लावते."

"असेल," काकू म्हणाल्या. "मला काय, यंत्राच्या घरघरीत रविवार काय नि सोमवार काय. आत्या बरी आहे ना? खाली उतरून किती काळ झाला तिला. आवाज येतो तेवढा. आणि तेल किती लागतं गं तुमच्याकडे! एकटी बाई, तळते तरी काय?"

मी हसले. वेणी आठवली. आत्याच्या मायेचा हिशेब काकूंना काय सांगणार?

त्याच आठवड्यात मी काही तुकडे दूरच्या शहरातल्या, माझ्या निबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"कथा झकास आहे. पण तुझं ते 'हं, हं' आधी काढून टाक बाई. ऐकणाऱ्याला वाटेल तुझं पोट दुखतंय."

"हुंकार आहे तो मॅडम."

"कळलं. पण निबंधात सांगणारी महत्त्वाची. ऐकणारीचे आवाज कापायचे, ही आपली पद्धत. शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. मी लॅपटॉपवर बसून सगळे हुंकार एकेक करून कापले. कंटाळवाणं काम होतं. छोटा, नाकातला, आज्ञाधारक आवाज. हं. हं. मनाशी म्हटलं, किती लहान मुलीसारखी ऐकते मी.

साफ केलेली गोष्ट मी कौतुकाने आत्याला ऐकवली. तिने पदर सावरला, मान खाली घालून ऐकू लागली. थोड्याच वेळात तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर फिरायला लागले.

"हे मी कुणाला सांगतेय?" ती म्हणाली.

"मला."

"कुणीच नाहीये तिथे. रिकाम्या खोलीला सांगतेय मी, येडीसारखी. बंद कर."

"अगं, हुंकार कापलेत फक्त. माझे."

"तुझे?" आत्या हसली, पण हात फिरतच होते. "तुला हुंकार द्यायला फुरसत आहे होय? तू खाली मान घालून लिहीत असतेस. पेन ऐकू येतं मला तुझं, खरखर खरखर. उंदीर बरा."

४

मूळ ध्वनिमुद्रण मी पुसलं नव्हतं. कानांवर हेडफोन चढवून पुन्हा ऐकलं.

आत्याचं बोलणं. माझ्या पेनची खरखर. हं. पंख्याची कुईकुई. हं. मी ऐकताना हुंकार देते की नाही हे मला आठवेना. कुणाला आठवतं? श्वास घेतल्याचं कुठे आठवतं? आत्या चेष्टा करत असणार, असं म्हणून मी हेडफोन काढणारच होते.

तेवढ्यात ती जागा आली. आत्या म्हणते, "आणि पोरीने वेणी खुंटीला टांगली." मी विचारते, "कुठल्या खुंटीला, दारामागच्या?" माझा आवाज जवळचा, फोनशेजारचा, घाईचा. आणि माझ्या 'दारामागच्या'वरच, त्या शब्दाच्या बरोबर पोटात, लांबून एक हुंकार.

हं.

मी ते पुन्हा लावलं. एका तोंडातून दोन आवाज एकदम निघत नाहीत.

मी शिकलेली मुलगी आहे. मी कारणं शोधली. प्रतिध्वनी. पाण्याचा नळ. शेजारच्यांचं मूल, पण शेजार रिकामा होता. फोन जुना होता, एकावर एक मुद्रण चढलं असेल. मग मी प्रयोग केला. दुसऱ्या दुपारी पेन बाजूला ठेवलं, ओठ मिटून घेतले, आणि पूर्ण वेळ एका हाताने तोंड झाकून बसले. बसल्या जागी काहीही ऐकू आलं नाही. आत्या मात्र मजेत सांगत राहिली. जिथे थांबायचं तिथे थांबली, क्षणभर वाट पाहिली, समाधानाने पुढे गेली.

संध्याकाळी ऐकलं. सगळ्या थांब्यांवर हुंकार होता. पहिल्या दिवसापेक्षा जरा जवळ.

मॅडमना फोन करावासा वाटला. मग वाटलं, सांगणार काय? कापलेले आवाज माझे नव्हते? मैत्रिणींपैकी कुणाला करावा म्हणून नावं वर-खाली सरकवली. हे ऐकून न हसणारं त्यांत कोण होतं ते ठरेना. शेवटी फोन उपडा ठेवला. ज्या माणसाला मी घाबरल्यावर नेहमी फोन करायची, ते माणूस पलीकडच्या खोलीत बसलं होतं.

५

दुसरा अख्खा दिवस मी वाचनालयात काढला. टेबलांच्या रांगा, पानं उलटल्याचा आवाज, कुणाचं तरी शिंकणं. बरं वाटलं. घर बंद, आत्या म्हातारी, मी एकटी, डोकं चालणारच. परतताना मी स्वतःलाच चिडवत होते, चळवळ, भुताला घाबरलीस?

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आत्याची हाक ऐकू आली. स्वयंपाकघरातून असावी, भांड्यांच्या आवाजातून.

"आहेस का?"

पाऊल वाजलं असेल माझं. मी ओ द्यायला तोंड उघडलं.

"आहे," आवाज आला.

वरून आला. घरातून. माझाच होता, पण मी आज बोलते तो नव्हे. दूर राहून माझे शब्द घासले गेलेत, शेवटचं अक्षर मी गिळते, मैत्रिणी त्यावरून हसायच्या. हा आवाज घासलेला नव्हता. 'आहे'तला शेवट लांब, थोडा वर चढलेला. आमच्या घरचा. लहानपणी मी अशी बोलायची हे मला तो ऐकेपर्यंत आठवलं नव्हतं.

मी धावत वर गेले. आत्या ओट्याशी कप विसळत होती. दोन कप. माझ्या खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरची चादर काठाशी बसकी झाली होती, एवढंच. चादरी बसक्या होतातच.

"दमलीस का गं?" आत्याने विचारलं. "केवढा श्वास लागलाय. आत्ता तर खोलीत होतीस."

"मी आत्ता आले, आत्या."

"हो का," ती म्हणाली, आणि दुसरा कप पालथा घातला.

६

"शेवट सांग," मी म्हटलं. "मधली झाडं नकोत. सरळ शेवट."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या हातांना तेल लावलं नाही. बाटलीकडे बघवेना. आत्याचा आवाज बारीक होता. मला वाकून ऐकावं लागत होतं.

"आई रोज वाटेवरून हाक मारायची, आहेस का? वेणी म्हणायची, आहे. असं चाललं. एके दिवशी वेणीचा आवाज बारीक झाला. मग आईने ती खुंटीवरून काढली, मांडीवर घेतली, आणि तेल लावलं."

"थांब. आईने? म्हणजे आईला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आईला पोरीचा आवाज कळत नाही होय?"

"मग ती हाक का मारत राहिली?"

आत्याने डोळे माझ्याकडे वळवले. त्यांना दिसत नव्हतं, तरी मला नजर खाली घ्यावी लागली. "आणि कुणाला मारायची?"

पंखा कुईकुई करत होता. मी काही लिहिलं नाही.

"मुलगी परत येते?" मी विचारलं.

"येते की. शिकूनसवरून, टाचा वाजवत. वाटेवरूनच हाक मारते, आई, आहेस का? आणि घरातून ओ येते. आहे."

"आईच ना ती?"

"बघ आता," आत्या म्हणाली. "एवढं जंगल ओलांडून पोरगी येणार, आणि घरात ओ द्यायला कुणी नसलं तर तिचं कसं होईल? त्याची काळजी आईला नसेल का? तीही काहीतरी ठेवूनच जाईल ना."

"जाईल म्हणजे? कुठे जाईल?"

"आयांना काय जागा कमी असतात जायला?"

"आत्या, हा शेवट नाही झाला."

"मग तू लिही. तुम्ही लिहिताच की नवेनवे. पुढचं त्या पोरीने ठरवायचं, गोष्ट इथवरच."

ती टेकून बसली. आणि माझ्या पाठीमागे, मान वळवली तर दिसेल इतक्या जवळ, गोष्ट संपल्यावर मूल सोडतं तसा एक लांब, समाधानी हुंकार आला.

मी मान वळवली नाही. उठले, बॅग खांद्याला लावली, आणि हवा खाऊन येते म्हणत जिना उतरले. "लवकर ये," आत्या म्हणाली. मला म्हणाली असेल.

७

उजेड कलला तेव्हा मी परत आले. यायला नको होतं, पण आत्या एकटी होती. हे मी जिना चढताना स्वतःला सांगत होते, एकटी आहे, म्हातारी आहे, दिसत नाही तिला. मी तिला त्या घरातून बाहेर काढणार होते. उद्याच. दोघींनी कुठेतरी दुसरीकडे राहायचं, चार भिंती कुठेही मिळतात.

दार नुसतं लोटलेलं होतं. घरात दिवा नव्हता. आत्याला दिव्याचं काय? आमच्या घरात एक अरुंद बोळ आहे. एका टोकाला माझी खोली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. मी बोळाच्या मध्यावर होते तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली.

"आहेस का?"

"आहे," खोलीतून ओ आली.

दोन्ही आवाज माझ्या अंगावरून गेले. मधे मी उभी होते, आणि दोघींनाही माझी गरज पडली नव्हती.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बिजागरीच्या फटीतून पलंगाचा काठ दिसत होता आणि काठावरून लोंबणारा एक पाय. लहान. जमिनीला न टेकणारा. तो झुलत होता, वाट बघणाऱ्या मुलीचा झुलतो तसा, टाच पलंगाच्या लाकडावर हलकेच आपटत. दारामागची खुंटी फटीतून दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं.

मी मागे सरले. मोठ्या माणसाकडे पळावं तशी स्वयंपाकघराकडे वळले. आत्याची खुर्ची तिथे होती, पाठ माझ्याकडे. पाठीवर शाल. एरवी शालीच्या वर तिचा अंबाडा दिसतो. खुर्चीच्या दांडीवर हात होता, कोरडा, ओळखीचा. शाल होती. हात आणि शाल यांच्या मधे आणखी काही होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. दोन पावलं पुढे जाऊन वळून पाहिलं असतं तर कळलं असतं.

"आहेस का?" खुर्चीतून आवाज आला. इतका बारीक, की सुकं पान सरकल्यासारखा.

मी ओ दिली नाही. दुसऱ्या कुणीतरी दिली.

८

रात्री मी शिंपीणकाकूंच्या दुकानात, कापडांच्या गाठोड्यांवर पडून राहिले. अंगात कणकण आहे, वर जिना चढवत नाही, असं सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला, "ताप नाही, नखरे आहेत," म्हणाल्या आणि पांघरूण दिलं. कितीतरी वर्षांनी कुणी माझ्या कपाळाला हात लावला होता.

सकाळी बॅग माझ्या पायाशीच होती. पहिली गाडी लवकर सुटते. दूरच्या शहरात एक खोली मिळाली असती, मॅडमना निबंध मिळाला असता, साफ केलेला, एकाच आवाजाचा. निबंध चांगला झाला होता. मुलगी जंगल ओलांडते, तिथे तो संपत होता. मग रविवार आला असता. मी फोन केला असता, आत्या, आहेस का? आणि एखाद्या रविवारी पलीकडून काहीच आलं नसतं. त्यानंतर अख्ख्या जगात मला हाक मारायला कुणी नाही, आणि मी हाक मारावी असंही कुणी नाही. गोष्टीतल्या आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी ती वाटेवरून हाक मारत राहिली. इतक्या परीकथा वाचल्या मी, इतकी टाचणं काढली. त्या बाईकडे एकदाही बघितलं नव्हतं.

दुकानासमोर टोपली उतरली. दोरीला नेहमीचा हिसका नव्हता. जेमतेम तरंगत आल्यासारखी ती खाली आली आणि फरशीवर कलंडली.

काकू बाहेर जाऊन वर मान करून ओरडल्या, "काय हवंय?"

वरून काहीतरी आलं. काकूंनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्याने बोल की गं! बसलाय का आवाज?" मग माझ्याकडे वळल्या. "तेल म्हणतेय वाटतं. संपलं का एवढ्यात?"

"संपलं नाही," मी म्हणाले. "काल लावलं नाही मी."

काकूंनी फळीवरची बाटली काढून टोपलीत ठेवायला हात पुढे केला, आणि थांबल्या. "आता तू आहेस तर तूच ने. मी कशाला म्हातारीला दोरी ओढायला लावू?"

रस्त्यावर माणसं कामाला निघाली होती. कुणी सायकलवर, कुणी डबा सावरत. गाडीच्या थांब्याकडे जाणारा रस्ता दुकानाच्या पायरीपासूनच सुरू होत होता. जिनाही तिथूनच.

"आहेस का?" वरून हाक आली.

मी वाट पाहिली. खोलीतून कुणी ओ देईल म्हणून. या वेळी कुणी दिली नाही. दोन मजल्यांच्या वर सगळं शांत होतं, कान देऊन बसल्यासारखं.

"ओ दे की पोरी," काकू म्हणाल्या. "घसा सुकला त्या बाईचा."

"आहे," मी ओरडले. शेवटचं अक्षर गिळलं नाही. ते लांबलं, थोडं वर चढलं.

बॅग मी गाठोड्यांमागे सरकवली आणि बाटली उचलली. जिना चढताना झाकण सैल करून ठेवलं. आधी कुणाला लावायचं, तेवढंच ठरवायचं राहिलं होतं.